खर्जाची किंमत : रेगे साउंड सिस्टिम आणि तिचे अ‍ॅम्प्लिफायर

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट आकाराने साधारण आपल्या सातारा जिल्ह्याएवढे. लोकसंख्या ३० लाखांच्या आत. एवढ्याशा बेटावर जन्मलेल्या रेगे संगीताचा समावेश २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. या संगीतातले बॉब मार्लीचे नाव तरी आपल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. ज्या यंत्रांवर हे संगीत वाढले ती यंत्रे आणि ती बांधणारे कारागीर मात्र इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतात. विज्ञानाच्या शिक्षकाला त्यांची ओळख असावी असे मला वाटते. अ‍ॅम्प्लिफायर कोणत्या प्रकारचा निवडावा, या वरकरणी बाजारातल्या प्रश्नामागे चुंबकत्व, उष्णता, ध्वनी आणि मानवी कान असे अकरावी-बारावीचे निम्मे पुस्तक दडलेले आहे. ते पुस्तक या कारागिरांनी रस्त्यावर वाचले.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टन शहरात नाचगाण्यासाठी वाद्यवृंद मिळत असे, पण तो हॉटेलांत आणि बड्या क्लबांत. गरीब वस्त्यांना तो परवडत नव्हता. रेडिओ संच थोड्यांकडेच होते आणि त्यांच्यावर लागणारे संगीतही या वस्त्यांच्या आवडीचे नव्हते. अमेरिकेतून येणाऱ्या ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्यांना मात्र मोठी मागणी होती. मग एक साधी युक्ती निघाली. एक रेकॉर्ड प्लेअर, एक दणकट अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे ध्वनिवर्धकाचे खोके एखाद्या मोकळ्या अंगणात मांडायचे, दाराशी थोडे पैसे घ्यायचे आणि आत पेये विकायची. हीच साउंड सिस्टिम. टॉम वाँग हा लोखंडी सामानाचा दुकानदार ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावाने अशी सिस्टिम चालवी. पुढे आलेल्यांत ड्यूक रीड हा पूर्वीचा पोलीस आणि नंतरचा दारूचा दुकानदार होता, आणि क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड होता. धंदा आणि नाच यांची ही जोडी जमली, आणि शेजारशेजारच्या सिस्टिममध्ये चुरस लागली. ज्याचा आवाज भरदार आणि ज्याची तबकडी दुर्मीळ, त्याच्या अंगणात गर्दी. या चढाओढीला पुढे ‘साउंड क्लॅश’ असे नावच पडले. अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा घेणारी यापेक्षा कडक प्रयोगशाळा मला तरी ठाऊक नाही.

(जाता जाता एक शब्दाची गंमत. जमैकात तबकडी लावतो तो ‘सिलेक्टर’, आणि माइकवर बोलतो तो ‘डीजे’. आपल्याकडे मात्र ‘डीजे’ हा शब्द माणसाला सोडून थेट स्पीकरच्या भिंतीला चिकटला आहे.)

या प्रयोगशाळेतला पहिला मोठा तंत्रज्ञ म्हणजे हेडली जोन्स. १९१७ साली जन्मलेल्या या माणसाने १९४० मध्येच भरीव लाकडाची विजेची गिटार स्वतः बनवली होती. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलात रडारचा तंत्रज्ञ होता. रडारच्या कामात अरुंद स्पंद, रुंद वारंवारता-पट्टा आणि स्थिर फीडबॅक यांच्याशी रोजची गाठ असते. युद्ध संपल्यावर हे ज्ञान घेऊन तो किंग्स्टनला परतला, तबकड्यांचे दुकान काढले आणि त्या ऐकवण्यासाठी स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. टॉम वाँगने तो ऐकला आणि स्वतःसाठी बांधून मागितला. त्या १९४७ सालच्या अ‍ॅम्प्लिफायरची हकीकत जोन्सने २०१० मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, एका विद्वत्‌पत्रिकेत लिहिली. २०१७ मध्ये तो वारला. योगायोग असा की १९४७ च्याच एप्रिल महिन्यात इंग्लंडमधल्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायर छापून आला. १५ वॅट शक्ती आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती असलेली ती रचना जगभरच्या हौशी लोकांनी बांधली. श्रवणासाठी शुद्ध आवाज हवा ही कल्पना इंग्लंडच्या बैठकीच्या खोलीत आणि किंग्स्टनच्या अंगणात एकाच वर्षी रुजत होती. फरक एवढाच की खोलीत १५ वॅट पुष्कळ होतात आणि अंगणात ते हवेत विरून जातात.

खर्ज महाग का?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबल घटते. बंद खोलीत भिंती परावर्तनाने मदत करतात. अंगणात वर आकाश असते. ही झाली सर्व स्वरांची अडचण. खर्जाची अडचण याहून वेगळी आणि मोठी आहे.

बेस गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला कंप पावते. हवेत या स्वराची तरंगलांबी ८ मीटरहून थोडी अधिक भरते. एवढी लांब लाट निर्माण करायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. वारंवारता निम्मी केली आणि आवाजाचा दाब तेवढाच ठेवायचा म्हटले, तर पडद्याने चौपट हवा हलवली पाहिजे. म्हणून ते १५ आणि १८ इंची स्पीकर, आणि म्हणूनच ती कपाटे. जमैकात या खोक्यांना ‘आनंदाची घरे’ अशा अर्थाचे लाडके नाव होते.

त्यात आपला कान पक्षपाती. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की समान मोठे वाटणारे आवाज सर्व वारंवारतांना समान तीव्रतेचे नसतात. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला सुमारे १०५ डेसिबल लागतात. दर १० डेसिबलला शक्ती दसपट, म्हणून २५ डेसिबलचा हा फरक ३०० पटींहून अधिक झाला! गायिकेच्या आवाजाला १ वॅट पुरत असेल, तर तेवढ्याच कार्यक्षमतेच्या स्पीकरवर तेवढाच मोठा वाटणारा खर्ज ३०० वॅट मागतो. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. डेसिबल हे लघुगणकी परिमाण आहे म्हणजे काय, ते मुलांना एकदाच आणि कायमचे कळते.

आणि नेमका याच काळात जमैकाचे संगीत खाली सरकत गेले. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाले तेव्हा तिथे ‘स्का’ हा द्रुत लयीचा प्रकार जोरात होता. १९६६ च्या सुमारास लय संथ झाली, ‘रॉकस्टेडी’ आले. १९६८ मध्ये ‘रेगे’ हा शब्द तबकडीवर झळकला. लय जसजशी मंदावली तसतशी बेस गिटारला जागा मिळत गेली, आणि साथ करणारे हे वाद्य चालीचे मुख्य वाद्य बनले. याला संगीतातली कारणे आहेतच, पण खर्ज पेलणारी यंत्रे वस्तीत आधीपासून उभी होती हेही एक कारण आहे असे माझे मत आहे. अंगणात उभे राहणाऱ्याला जे छातीत जाणवेल ते संगीतकार वाजवू लागला.

काचेतली शक्ती, लोखंडातला खर्ज

मोठी शक्ती देणाऱ्या व्हॉल्व्हचा वंश १९३६ च्या अमेरिकन ६एल६ पासून सुरू होतो. त्याच घराण्यातला ८०७ हा प्रक्षेपकांसाठी बनलेला व्हॉल्व्ह युद्धानंतर लष्करी शिलकीतून स्वस्तात मिळू लागला. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये केटी ६६ आला आणि १९५६ मध्ये त्याचा थोरला भाऊ केटी ८८. केटी ८८ ची एक जोडी साडेपाचशे व्होल्टच्या आसपासच्या दाबावर १०० वॅट देऊ शकते. साउंड सिस्टिमवाल्यांच्या तोंडी हे नाव देवाच्या नावासारखे बसले.

व्हॉल्व्ह मोठा दाब आणि थोडा प्रवाह देतो. स्पीकरला नेमके उलटे हवे असते. मध्ये रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लागतो. आणि खर्जाची खरी मारामारी इथे आहे. रोहित्राच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह हा दाबाच्या सम प्रमाणात आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८० हर्ट्झला जो गाभा निवांत आहे, त्याच्यावर तेवढ्याच दाबाचा ४० हर्ट्झचा स्वर सोडला की चुंबकीय प्रवाह दुप्पट होतो. लोखंड संपृक्त झाले की स्वर फाटतो. उपाय दोनच: गाभा मोठा करा किंवा वेढे वाढवा. वेढे वाढवले की तारेचा रोध आणि गळती वाढून वरचे स्वर मंदावतात. म्हणून चांगले आउटपुट रोहित्र वेढणे ही हातोटीची गोष्ट होती. प्राथमिक आणि दुय्यम वेढ्यांचे थर आलटून पालटून बसवायचे, मध्ये कागद घालायचा, मोजत राहायचे.

किंग टबी या नावाने जगभर ओळखला जाणारा ऑसबर्न रडॉक (१९४१–१९८९) या कलेतला उस्ताद. डब या संगीतप्रकाराचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते; ध्वनिमुद्रणातले गाणे काढून टाकून फक्त ढोल आणि खर्ज ठेवायचा आणि त्यांवर प्रतिध्वनी पसरायचा हा त्याचा खेळ. पण त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचा आणि रोहित्रे वेढण्याचा होता, आणि ‘होमटाउन हाय-फाय’ ही त्याची स्वतःची सिस्टिम होती. डबमध्ये खर्ज एकटा, उघडा पडतो. त्याच्या आडोशाला दुसरे वाद्य नसते. अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याच्याच हातून असे संगीत निघावे यात मला आश्चर्य वाटत नाही.

जमैकाच्या विजेचीही एक खोड सांगायला हवी. तिथे आज दाब ११० व्होल्ट आहे, पण वारंवारता ५० हर्ट्झ. शेजारच्या अमेरिकेत वारंवारता ६०. केवळ ६० हर्ट्झसाठी बेतून बनवलेले अमेरिकन यंत्र इथे लावले, तर वरच्याच नियमाने त्याच्या विद्युतपुरवठ्याच्या रोहित्रात २० टक्के अधिक चुंबकीय प्रवाह येतो आणि ते तापते. परदेशी तयार यंत्रापेक्षा गल्लीतल्या कारागिराने सढळ लोखंड घालून वेढलेले रोहित्र अधिक भरवशाचे का ठरते, ते यावरून लक्षात येईल.

१९५४ मध्ये ड्यूक व्हिन हा टॉम वाँगचा सिलेक्टर जहाजात लपून इंग्लंडला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी त्याने लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात सिस्टिम उभी केली. ब्रिटनमधली ती पहिली मानली जाते. तिथे कारण वेगळे होते: अनेक क्लबांत काळ्या माणसांना प्रवेशच नव्हता. मग घरांच्या तळघरांत, शाळांच्या आणि चर्चच्या सभागृहांत हे जलसे होऊ लागले. ब्रिटन हेच केटी ८८ चे माहेर, त्यामुळे व्हॉल्व्हची वाण नव्हती. प्रत्येक शहरात एखादा रेडिओ मेकॅनिक ‘साउंडवाल्यांचा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. लंडनचा जा शाका (मृत्यू २०२३) हा तर व्हॉल्व्हच्या प्रचंड अ‍ॅम्प्लिफायरसाठी आणि एकाच तबकडीयंत्रावर रात्रभर वाजवण्यासाठी प्रसिद्ध होता. एकाच यंत्रावर, आणि मोनोमध्ये. स्टिरिओचा डावा-उजवा हा भेद मैदानात फिरणाऱ्या नाचणाऱ्याच्या काही कामाचा नसतो.

ट्रान्झिस्टर आला, पण तळघरात अडला

१९६० च्या दशकात सिलिकॉनचे शक्तिशाली ट्रान्झिस्टर बाजारात आले. त्यांतला २एन३०५५ आपल्याकडच्या प्रत्येक हौशी मुलाच्या परिचयाचा. दोन पायांचे ते लोखंडी टोपण पुण्या-मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत पुढची कित्येक वर्षे मिळत असे. १९६७ मध्ये अमेरिकेत क्राउन कंपनीचा डीसी-३०० आला, दर बाजूला १५० वॅट. पाठ्यपुस्तकी तुलनेत व्हॉल्व्ह हरलाच होता: ट्रान्झिस्टरला तापतंतू नको, रोहित्र नको, वजन कमी, विकृती कमी. केटी ८८ च्या एकेका तापतंतूलाच १० वॅट लागतात. १००० वॅटसाठी २० व्हॉल्व्ह म्हणजे एक स्वर वाजण्याआधी २०० वॅट नुसते काच तापवण्यात गेले.

तरीही १९७० च्या दशकात पुष्कळ सिस्टिमनी वरच्या स्वरांना ट्रान्झिस्टर लावले आणि खर्ज मात्र व्हॉल्व्हकडे ठेवला. ही जुन्याची ओढ होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तीन भक्कम कारणे त्यामागे होती.

सुरुवातीचा ट्रान्झिस्टर अतिभाराला क्षमा करीत नसे. तो तापला की त्याच दाबाला अधिक प्रवाह घेतो, त्याने आणखी तापतो. सिलिकॉनच्या चकतीवर एखाद्या ठिपक्यापाशी प्रवाह एकवटतो आणि क्षणार्धात तो ठिपका वितळतो. व्हॉल्व्हची पट्टी लाल होते, मालकाला दिसते, तो आवाज कमी करतो! दुसरे कारण त्याहून महागडे. जळालेला ट्रान्झिस्टर बहुधा आतून जोडला जातो, आणि पुरवठ्याचा सारा एकदिश दाब थेट स्पीकरच्या वेटोळ्यावर येतो. एका ट्रान्झिस्टरपायी चार स्पीकर जळत. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मध्ये रोहित्र आहे, आणि रोहित्रातून एकदिश प्रवाह पलीकडे जात नाही. फॅराडेचा नियम इथे विमा उतरवतो. तिसरे कारण दुरुस्तीचे. व्हॉल्व्ह खोबणीतून उपटून दुसरा बसवायला मिनिट पुरते, आणि साउंड क्लॅशमध्ये तेवढाच वेळ असतो.

मग ‘व्हॉल्व्हचा खर्ज उबदार असतो’ या बोलण्यात किती तथ्य? याबाबत माझे मत मध्यममार्गी आहे. एक युक्तिवाद असा केला जातो की ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध नगण्य असल्यामुळे तो स्पीकरला ‘आवळून’ धरतो, व्हॉल्व्हचा सैल सोडतो. आकडे घालून पाहू. ८ ओहमच्या स्पीकरच्या वेटोळ्याचाच रोध ६ ओहमच्या आसपास असतो. चांगला फीडबॅक असलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा रोध ०.८ ओहम धरला आणि ट्रान्झिस्टरचा ०.०४, तर एकूण रोध ६.८ आणि ६.०४ होतो. फरक १२ टक्क्यांचा, आणि लांब बारीक तारा वापरल्या की तोही धुसर होतो. जाहिरातीतल्या २०० पट ‘डॅम्पिंग’चा अर्थ इतकाच. मात्र फीडबॅक कमी ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा रोध काही ओहम असतो. तिथे स्पीकरच्या अनुनादाच्या वारंवारतेला आवाज खरोखर फुगतो आणि ते कानाला कळते.

संपृक्तीचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ट्रान्झिस्टर मर्यादेला पोहोचला की लाटेचे माथे कात्रीने कापल्यासारखे सपाट होतात. व्हॉल्व्ह आणि रोहित्राचे लोखंड ते हळूहळू वाकवतात. ५० हर्ट्झच्या स्वरात मग १५० हर्ट्झची छटा मिसळते. १५० ला कान अधिक तीक्ष्ण, शिवाय वरच्या पटींवरून मूळ स्वर ताडण्याची मेंदूला सवय असतेच. म्हणून थोडा वाकलेला खर्ज मोजमापात तेवढाच असूनही ऐकताना मोठा वाटतो. श्रोत्यांचा अनुभव खरा होता; जादू मात्र काचेत नव्हती.

खर्ज वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर द्यायची पद्धतही इथेच शहाणपणाची ठरते. प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्येच स्वरांचे खर्ज, मध्य आणि तार असे पट्टे पाडायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर. खर्जाचा फाटला तरी त्याच्या चिरफाळ्या नाजूक ट्विटरपर्यंत पोहोचत नाहीत.

वर्ग अ, वर्ग ब आणि उष्णतेचा हिशेब

अ‍ॅम्प्लिफायरचे वर्ग म्हणजे गुणवत्तेची श्रेणी नव्हे. ए म्हणजे पहिला क्रमांक असे मुलांना वाटते ते आधी दूर करावे. वर्ग ए मध्ये नळी वा ट्रान्झिस्टर सतत वाहत राहतो. आवाज शुद्ध, पण रोहित्रजोडणीतही कार्यक्षमता कागदोपत्री ५० टक्क्यांच्या वर जात नाही. वर्ग बी मध्ये दोघे अर्धी-अर्धी लाट वाटून घेतात. कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के. पण हातबदलाच्या क्षणी, म्हणजे लाट शून्यातून जाताना, खरखर येते. ती घालवायला दोघांनाही थोडे वाहते ठेवायचे, तो वर्ग एबी. अर्धशतकभर मैदानावर याचेच राज्य होते.

त्या ७८.५ टक्क्यांवर मात्र भुलू नये. हा आकडा पूर्ण शक्तीचा आहे. १००० वॅटचा वर्ग बी अ‍ॅम्प्लिफायर आठव्या हिश्शाने, म्हणजे १२५ वॅटवर चालवला, तर तो पुरवठ्यातून सुमारे ४५० वॅट घेतो आणि ३२५ वॅटची उष्णता करतो. पूर्ण १००० वॅट देताना उष्णता उलट कमी, सुमारे २७५ वॅट! सर्वांत वाईट अवस्था ४०० वॅटच्या आसपास. तिथे जेवढा आवाज तेवढीच उष्णता. हे सूत्र बारावीच्या विद्यार्थ्याला कलन वापरून स्वतः काढता येते. यावर उपाय म्हणून १९७७ मध्ये हिताची कंपनीने वर्ग जी बाजारात आणला: पुरवठ्याच्या दाबाच्या दोन पायऱ्या करायच्या आणि मोठ्या लाटेपुरतीच वरची पायरी वापरायची. वर्ग एच हा त्याचाच चुलतभाऊ.

वर्ग डी चा मार्ग निराळा. इथे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, मधली अवस्था नाहीच. सेकंदाला लाखो वेळा ही उघडझाप होते आणि स्वराची उंची स्पंदांच्या रुंदीत लिहिली जाते. शेवटी एक वेटोळे आणि धारित्र तो गाळून काढतात. चालू असताना दाब जवळपास शून्य, बंद असताना प्रवाह शून्य, म्हणून वाया जाणारा गुणाकारही जवळपास शून्य. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात. कल्पना १९५० च्या दशकातली. १९६४ मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने एक्स-१० हा सुटा संच विकलाही. पण त्या वेळचे ट्रान्झिस्टर इतकी जलद उघडझाप करू शकत नव्हते. शक्तिशाली मॉसफेट १९८० च्या दशकात स्वस्त झाल्यावर वर्ग डी ला दिवस आले, आणि या शतकात मैदानी अ‍ॅम्प्लिफायरचे वजन चाळीस किलोंवरून दहा-बारावर उतरले.

साउंड सिस्टिमवाल्यांनी हे नवे यंत्र घेतले, आणि काहींची निराशा झाली. कारण वर्ग डी मध्ये नव्हते. त्याला जोडलेल्या हलक्या पुरवठ्यात होते. रॉक संगीतात ढोलाचा ठोका क्षणभराचा असतो आणि सरासरी शक्ती शिखराच्या दहाव्या-विसाव्या भागाइतकी. अशा स्वरूपाच्या ठोक्यांसाठी बेतलेला अ‍ॅम्प्लिफायर काही सहस्रांश सेकंद ‘५००० वॅट’ देतो आणि तोच आकडा डब्यावर छापतो. डबमधला खर्ज जवळजवळ शुद्ध ज्यावक्रीय लाट असतो आणि अर्धा-अर्धा सेकंद टिकतो. त्याची सरासरी शक्ती शिखराच्या निम्मी.

धारित्रांत साठलेली ऊर्जा हे अंतर भरून काढील का? ± ८० व्होल्टचा पुरवठा, प्रत्येक बाजूला २०,००० मायक्रोफॅरड. एका बाजूची ऊर्जा ६४ ज्यूल, दोन्ही मिळून १२८. दाब २० टक्के खाली येऊ द्यायचा ठरवले, तर त्यातले ४६ ज्यूलच वापरता येतात. ४ ओहमवर हा अ‍ॅम्प्लिफायर वर्ग बी मध्ये ८०० वॅट देताना सेकंदाला सुमारे १०२० ज्यूल घेतो. म्हणजे साठा ०.०४५ सेकंदात संपला. ४० हर्ट्झची दोन आवर्तनेही पुरी होत नाहीत. पुढचा सारा स्वर भिंतीतल्या सॉकेटमधून, रोहित्रातून आणि तारेतून यायचा आहे. जुन्या कारागिरांनी पुरवठ्यात किलोकिलोने लोखंड का घातले, त्याचे उत्तर या बेरजेत आहे. वजनदार तेच चांगले, ही त्यांची कसोटी एके काळी पूर्णपणे शास्त्रीय होती.

आज ती तशी राहिलेली नाही. वारंवारता वाढवली की रोहित्र लहान होते, हा तोच नियम. उच्च वारंवारतेवर चालणारा आणि पुरेशा शक्तीचा पुरवठा बांधला तर दहा किलोंतही टिकाऊ खर्ज मिळतो. इटली, स्वीडन, अमेरिका इथल्या कंपन्या असे अ‍ॅम्प्लिफायर करतात आणि मोठ्या सिस्टिम ते वापरतातही. केटी ८८ बनवणारा मूळचा ब्रिटिश कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला, तरी त्या नावाचे व्हॉल्व्ह रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून मिळतात, आणि काही मंडळी अजून त्यांवर अडून आहेत. खरेदी करणाऱ्याने डब्यावरचा वर्ग कोणता हे पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: २ वा ४ ओहमच्या भारावर ही शक्ती किती वेळ टिकते, त्या वेळी मुख्य वाहिनीतून किती अँपिअर घेतले जातात, आणि बिघडला तर स्पीकर वाचतो का. चार ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो आणि तेवढ्याच दाबाला चौपट प्रवाह लागतो. जनरेटरवर चालणाऱ्या जलशात यंत्र इथेच कोसळते.

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र कोणत्याही वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरने सुटत नाही. आठ मीटरची लाट भिंतीला जुमानत नाही. तार स्वर खिडकीशी अडतात आणि खर्ज घरात शिरतो. जमैकाने १९९७ मध्ये ध्वनिनियंत्रणाचा कायदा केला आणि रात्रीच्या जलशांना वेळेची मर्यादा घातली. आपले नियम २००० सालचे, रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ ठरवणारे. इथे मी वस्तीची बाजू घेईन. ज्या यंत्राने गरिबाला नाच दिला, त्याच यंत्राने आजाऱ्याची झोप जाते, आणि भिंतीसमोर रात्रभर उभे राहणाऱ्याच्या कानाच्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत.

साउंड सिस्टिम आता आपल्याकडेही पोहोचली आहे. २०१६ च्या जानेवारीत गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगेचा महोत्सव सुरू झाला, आणि लोकवर्गणीतून बांधलेली ‘टेन थाउजंड लायन्स’ ही सिस्टिमही आपल्या देशात वाजू लागली. गोव्याच्या किनाऱ्यावर विजेची वारंवारता ५० हर्ट्झच आहे, दाब मात्र २३० व्होल्ट. त्यामुळे तेवढ्याच शक्तीला जमैकाच्या निम्म्याहून कमी प्रवाह लागतो आणि तारही बारीक चालते.